धडामच्या आधीची वीस वर्षं

(रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. थोडी काटछाट केलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

माइक चालू आहे ना? मागच्या रांगेत ऐकू येतंय? बरं.

तर मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'स्फोटाचा वेग कोण ठरवतं'. हे नाव माझं नाही, कार्यवाहांचं आहे. मी त्यांना फोनवर म्हणालो होतो की स्फोटकं म्हातारी कशी होतात यावर बोलतो, तर ते म्हणाले, सर, म्हातारपणावर मागच्याच महिन्यात एक व्याख्यान झालंय. (हशा) त्यामुळे वेगाचंही बोलीन, शेवटची वीस मिनिटं त्याला राखून ठेवलीयेत, पण आधी माझं.

लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की हे दारूगोळ्याच्या टेस्टिंगमध्ये होते, की समोरचा लगेच आवाज बारीक करून विचारतो, 'म्हणजे बॉम्ब बनवायचात?' नाही हो. चौतीस वर्षं मी जे काही केलं ते फुटू नये म्हणून केलं. आणि त्यातली पंचाईत अशी की तुमचं काम चोख झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कुणाचा सत्कार झालेला मी तरी पाहिला नाही. पुण्यात हे बोलायला संकोचही वाटतो, खडकीला कारखाना, सुतारवाडीला एचईएमआरएल ही स्फोटकांवरची संशोधन प्रयोगशाळा, या हॉलमध्ये अर्धे लोक तिथूनच रिटायर झालेले असणार. चुकलो तर तिथल्या तिथे धरा.

सुरुवात तुपापासून करू. एक ग्रॅम टीएनटी म्हणजे साधारण एक किलोकॅलरी, हिशेबासाठी तो आकडा तसा ठरवूनच घेतलाय. एक ग्रॅम तूप म्हणजे नऊ. म्हणजे पुरणपोळीवर जी धार सोडता ना काकू, तिच्यात वजनाला वजन टीएनटीच्या नऊपट ऊर्जा आहे, आणि ती खाऊन माणूस काय करतो, तर झोपतो. (हशा) टीव्हीवर 'प्रचंड ऊर्जेचं स्फोटक' असं म्हणतात तेव्हा मला त्रास होतो तो यामुळे. ऊर्जा प्रचंड नसतेच, कंजूष असते. फरक कुठे आहे, तर तुपाला जळायला हवेतला ऑक्सिजन येईपर्यंत थांबावं लागतं, आणि स्फोटकाचा ऑक्सिजन त्याच रेणूत शेजारी बांधलेला असतो, मध्ये कुणाची वाट बघायची नाही. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. हे कळलं की या विषयातलं निम्मं कळलं.

आता गंमत बघा, तोच नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केलेला कापूस, बंदुकीच्या काडतुसातला, तोफेच्या प्रोपेलंटमधला, म्हणजे गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूतला. त्याची तीन घड्याळं आहेत. कोठारात पडून कुजायला त्याला वीस-तीस वर्षं लागतात, तोफेत जळायला काही मिलिसेकंद, आणि नीट धक्का बसून डिटोनेट झाला, म्हणजे जळण्याऐवजी धक्कालहरीने एकदम फुटला, तर मायक्रोसेकंद. आणि तिन्ही ठिकाणी आधी तुटतो तो बंध एकच, ऑक्सिजन आणि नायट्रो गटाच्या मधला. अशक्त बंध आहे तो. लोकांना तिसरं घड्याळ बघायला आवडतं कारण त्यात आवाज आहे, आणि मी आयुष्यभर पहिलं बघत बसलो.

याची गोष्ट 1846च्या आसपास सुरू होते, बाझेलला शोनबाइन नावाचे प्राध्यापक होते. दंतकथा अशी की बायको नसताना स्वयंपाकघरात प्रयोग चालला होता, सांडलेलं ॲसिड तिच्या सुती एप्रनने पुसलं, एप्रन शेकोटीपाशी वाळत घातला आणि तो भप्पकन नाहीसा झाला. खरं-खोटं देव जाणे, पण बायको घरात नसताना केलेले प्रयोग अंगाशी येतात हा भाग खराच असणार. (हशा) पुढच्याच वर्षी इंग्लंडात फॅव्हरशॅमला त्याचा कारखाना उडाला. मग लोक घाबरले, बराच काळ कुणी हात लावायला तयार नाही. का उडतो? तर कापसाचा तंतू आतून पोकळ असतो, नळीसारखा, त्यात ॲसिड अडकून बसतं आणि ते आतल्या आत कुरतडत राहतं. फ्रेडरिक एबल यांनी 1865 साली काय केलं, तर कागदाच्या गिरणीतला लगदा करायचं यंत्र घेतलं, तंतूंचे बारीक तुकडे केले आणि धू धू धुतलं. बस्स. एवढा मोठा शोध म्हणजे धुणं. आमच्या आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, यात काय नवीन.

पण धुऊनही पूर्ण सुटका नाही. चांगला धुतलेला नायट्रोसेल्युलोजही अगदी सावकाश, कणाकणाने, नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतो, आणि ती ऑक्साइडं, थोडा ओलावा मिळाला की ॲसिड होऊन, उरलेल्याला अजून लवकर तोडतात. कोकणातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. आंब्याची अढी लावलीय, त्यात एक आंबा आधी पिकला की तो वायू सोडतो आणि शेजारच्यांना पिकवतो, ते आणखी सोडतात, आणि तुम्ही चार दिवस गावाला गेलात तर परत येऊन सगळी अढी फेकायची. याला आमच्यात ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही, वर्षानुवर्षं रेघ सपाट, आणि मग एकदम उभी.

यावर उपाय म्हणजे स्टॅबिलायझर. डायफिनाइलअमाइन, आम्ही नुसतं डीपीए म्हणायचो. एक टक्क्याच्या आसपास घालतात. तो नायट्रोसेल्युलोजचं कुजणं थांबवत नाही हं, हा गैरसमज फार, तो फक्त सुटलेली ऑक्साइडं पकडून गिळतो, म्हणजे अढीत रोज फिरून पिकलेला आंबा उचलून खाणारा एक म्हातारा ठेवलाय असं समजा. त्याचं पोट भरलं की संपलं. (जाता जाता, परदेशात हाच डीपीए साठवणीतल्या सफरचंदांची साल काळी पडू नये म्हणून वापरायचे. तो मी खाल्लाय का माहीत नाही, बहुतेक खाल्लाय.)

हे कळायला किती माणसं गेली ते सांगतो. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी 1884 साली पहिली चांगली बिनधुराची दारू केली, पूद्र बी. कमाल चीज, सगळ्या सैन्यांची झोप उडाली. पण बोटीच्या पोटात, उष्ण कोठारांत ती म्हातारी व्हायला लागली. 12 मार्च 1907 ला तूलोंच्या गोदीत इएना नावाची युद्धनौका उडाली, शंभरावर माणसं गेली. गोदी कोरडी होती, म्हणजे आग विझवायला पाणीच आत येईना, म्हणून शेजारच्या पात्री नावाच्या नौकेने गोदीचा दरवाजा फोडायला त्यावर तोफ डागली, तर गोळा टप्पा खाऊन भलतीकडे! आणि चार वर्षांनी, सप्टेंबर 1911, त्याच तूलोंमध्ये लिबेर्ते. जवळजवळ तीनशे माणसं. शत्रू कुणी नाही, लढाई नाही, बोट नांगरून उभी. त्यानंतर फ्रेंचांनी स्टॅबिलायझर गांभीर्याने घेतला.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर लांब जायला नको. जुन्या सिनेमाच्या फिल्मची पट्टीही नायट्रोसेल्युलोजचीच. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे आपल्या जुन्या प्रभातमध्ये, 2003च्या जानेवारीत आग लागून नायट्रेट फिल्मचा केवढा साठा गेला. पेपरात मथळे आले 'सांस्कृतिक ठेवा खाक', बरोबरच आहे, पण मी चहा पिता पिता बायकोला म्हणालो, हा प्रोपेलंटचा साठा होता गं, फक्त त्याच्यावर चित्रं होती.

आता माझी तक्रार. ही तक्रार मी गेली तीस वर्षं सांगतोय, घरच्यांना पाठ आहे, आज तुम्ही तावडीत सापडलाय.

1987चा मे महिना. कुठली कचेरी, कुठलं गाव ते विचारू नका, विदर्भात एवढंच. एका प्रोपेलंटच्या लॉटचं आयुष्य वाढवून द्यायची केस आली. म्हणजे काय, की लॉटचं वय झालंय पण फेकायला जिवावर येतं, तर टेस्ट करून अजून काही वर्षं मिळतात का बघा. माल मॅगझिनमध्ये असायला हवा होता, जाड भिंती, मातीचा बांध वगैरे, पण जागा नव्हती म्हणून तात्पुरता पत्र्याच्या शेडमध्ये हलवलेला. तात्पुरता म्हणजे सरकारी तात्पुरता, सात वर्षं झाली होती. (हशा) मी आधी रजिस्टर मागितलं. तापमानाचं रजिस्टर बघून मी चाट पडलो. जानेवारीत 26, मेमध्ये 29, पावसाळ्यात 27, सात वर्षं. स्वित्झर्लंडात एवढं स्थिर हवामान नसतं! बाहेर लोक डोक्याला ओला रुमाल बांधून फिरतायत, कावळे नळाखाली बसलेत, आणि रजिस्टरमध्ये 29.

मी म्हटलं थर्मामीटर दाखवा. स्टोअरकीपर मला घेऊन गेले, शेडकडे नाही, ऑफिसच्या व्हरांड्यात. तिथे वाळ्याचा पडदा, खाली पाण्याचा माठ, आणि माठाच्या बरोब्बर वर, भिंतीला, थर्मामीटर. मी विचारलं, अहो हा इथे कसा? तर तो माणूस इतका प्रामाणिक, म्हणाला, 'मंग कुठं लावू साहेब, उन्हात लावलं त फुटून जाते न ते. अन् पाणी प्यायला आलो की वाचूनबी होते.' मला त्याच्यावर रागावताच येईना. त्याने सात वर्षं रोज दोनदा, एकही खाडा न करता, माठाचं तापमान लिहून ठेवलं होतं.

मग मी माझा थर्मामीटर एका रिकाम्या पेटीत घालून झाकण लावून शेडमध्ये वरच्या थप्पीवर ठेवला. दुपारी तीनला 51. लॉटमधला डीपीए मोजला तर रजिस्टरच्या हिशेबाने जेवढा उरायला हवा होता त्याच्या एक तृतीयांशही नाही. मी लिहून दिलं, माल नष्ट करा. वरचे साहेब म्हणाले, अहो पण ओव्हनमधल्या टेस्टला पास झालाय. आणि वर म्हणाले, तापमान वर-खाली होणारच, आपण सरासरी घेऊ ना.

इथे माझं डोकं फिरलं आणि ते अजून फिरलेलंच आहे, कारण सरासरी घेता येत नाही! साधं गणित करू, आर्‍हेनियसचं, 1889 सालचं, अकरावीत असतं. तापमान वाढलं की वेग सरळ रेषेत नाही, घातांकात वाढतो. या मालाला कोठारातल्या तापमानाला ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शन व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, साधारण 80 किलोजूल प्रति मोल धरतात. मग 27 अंशांना जो वेग, त्याच्या 37ला 2.8 पट आणि 47ला 7.4 पट. आता शेड निम्मा वेळ 27 आणि निम्मा वेळ 47. साहेबांची सरासरी 37, म्हणजे 2.8. पण मालाची सरासरी एक आणि साडेसातच्या मधली, म्हणजे 4.2. दीडपट वेगाने म्हातारा होतोय तो, आणि साहेब सरासरीवर समाधानी. माल सगळं आयुष्य उन्हाळ्याच्या दुपारीच खर्च करतो, थंडीत फक्त आराम करतो.

ओव्हनचं तर त्याहून वाईट. वीस वर्षं थांबायला कुणाला वेळ नसतो म्हणून माल 80 अंशांना ठेवून चटकन म्हातारा करतात आणि मग उलटा हिशेब लावतात. पण 80ला जी रिॲक्शन मुख्य असते ती 30ला मुख्य नसते. वरती बंध उष्णतेने तुटतो, तिथे ॲक्टिव्हेशन एनर्जी 120 धरतात, खाली ओलावा-ॲसिडवाली मंद वाट पुढे होते, तिथे 80. पुढे नाटोच्या मानकातही हेच आलं, सांधा 60 अंशांवर धरून. त्या हिशेबाने 80 अंशांवरचे 10.6 दिवस म्हणजे 25 अंशांवरची 10 वर्षं. आता तुम्ही आळस केला आणि खालपर्यंत 120च वापरले, तर त्याच 10.6 दिवसांची किती होतात? 54 वर्षं. मी हे काल रात्री परत करून बघितलं. ओव्हन तोच, माल तोच, एक आकडा चुकला आणि चव्वेचाळीस वर्षं फुकट दिली तुम्ही त्याला.

शेवटी माल जाळला, हे मान्य करायला हवं. आणि दोन महिन्यांनी परिपत्रक निघालं, सर्व ठिकाणी नवीन थर्मामीटर बसवावेत, 'सावलीच्या व थंड जागी'. (मोठा हशा) हसा, मी तेव्हा हसलो नव्हतो.

दारूगोळा कोठारात आग म्हटलं की आपल्याला 2016च्या मेमधलं पुलगाव आठवतं, तिथे जी माणसं गेली त्यांच्यावर मी बोलणार नाही, ते बोलायला माझ्यापेक्षा जाणकार लोक इथे आहेत. आणि मुंबईचा डॉक स्फोट, तो दर वेळी कुणीतरी विचारतंच, 14 एप्रिल 1944, फोर्ट स्टिकीन बोट, चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं आणि त्याच बोटीत कापसाच्या गासड्या. दोनच्या सुमाराला धूर, चार वाजून सहा मिनिटांनी धडाम. अग्निशामक दलाचे 66 जवान गेले. त्या दोन तासांत नक्की काय काय करता आलं असतं यावर एक वेगळं व्याख्यान होईल. तिथून जवळच आपलं दारूखाना आहे, रे रोडपाशी, नाव ऐकून चुकीच्या अपेक्षेने जाणारे लोक मी पाहिलेत.

काय? चिठ्ठी? 'दहा मिनिटे'. अहो वीस राखून ठेवली होती मी! बरं, ती माठाने खाल्ली. पळवतो आता.

पहिलं, माल आपोआप का पेटतो, रशियन शास्त्रज्ञ सेमेनॉव्ह, 1928. आत तयार होणारी उष्णता घातांकात वाढते, बाहेर जाणारी साधारण सरळ रेषेत. जोवर खर्च जमेला पुरतो तोवर माल गरम होऊन स्थिरावतो, एका टोकानंतर पुरत नाही आणि मग थांबवणारं कुणी नाही. ढीग मोठा तर पृष्ठभाग त्यामानाने कमी, म्हणून मोठा ढीग धोक्याचा. साखर कारखान्यात बगॅसचे ढीग आतून तापतात, ओल्या कडब्याची गंजी पेटते, तेच. 1956 साली हिन्शेलवूडबरोबर नोबेल मिळालं त्यांना.

दुसरं, जळणं. परत तेच व्हिएय, 1893. जळण्याचा वेग दाबाच्या काही घातात वाढतो. रॉकेटमध्ये तो घात एकपेक्षा कमी हवा, नाहीतर दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की दाब वाढतो, आणि रॉकेटचा फटाका होतो. घन इंधनाचं रॉकेट सेकंदाला काही मिलिमीटर या चालीने जळतं, एवढं सावकाश, आणि तरी पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातलं 138 टन दोन मिनिटांच्या आत संपतं, कारण जळणारा पृष्ठभाग केवढा मोठा ठेवलाय. तोफेच्या प्रोपेलंटच्या दाण्याला सात भोकं का असतात ते यातच आलं, बाहेरून दाणा बारीक होतो पण भोकं रुंदावतात. आकृती होती, जाऊ दे.

तिसरं, ज्यासाठी तुम्ही आलात. टीएनटीत स्फोटलहर सेकंदाला 6.9 किलोमीटर जाते, म्हणजे पुणे-मुंबई बावीस सेकंदांत, तेही एक्स्प्रेसवेला ट्रॅफिक असताना. हा वेग कोण ठरवतं? पत्रिकेवर जे छापलंय त्याचं उत्तर असं आहे की रासायनिक गतिशास्त्र, म्हणजे रिॲक्शन किती वेगाने होते त्याचं शास्त्र, ठरवत नाही. (हशा) खरंच सांगतो. चॅपमन 1899 आणि जूगे 1905, या दोघांनी दाखवलं की आदर्श लहरीचा वेग ऊर्जा, घनता, तयार होणारे वायू यांवरूनच निघतो, रिॲक्शनचा वेग त्या समीकरणात येतच नाही. मग आम्ही पोट कशावर भरतो? तर पुढे तीन देशांत, युद्ध चालू असताना, तिघांनी आपापलं काम केलं, झेल्दोविच 1940, फॉन नॉयमन 1942, ड्यूरिंग 1943, आणि चित्र असं निघालं की पुढे धक्कालहर, ती मालाला नुसती दाबते-तापवते, आणि तिच्या मागे एक पातळ पट्टा, मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, ज्यात रसायन आपलं काम उरकतं आणि पुढच्या लहरीला ढकलत राहतं. हा पट्टा किती जाड, हे गतिशास्त्र ठरवतं. आणि कांडी त्या पट्ट्याच्या मानाने फार बारीक असेल तर बाजूने दाब निसटतो आणि लहर विझते. म्हणजे लहर किती वेगाने पळेल ते ऊर्जा सांगते, मुळात जगेल का ते गतिशास्त्र सांगतं. अमोनियम नायट्रेटचा हा पट्टा फार जाड, म्हणून थोडंसं असेल तर निरुपद्रवी वाटतं आणि लोक बेफिकीर होतात. ओप्पाऊला, 1921, अमोनियम सल्फेट मिसळलेल्या नायट्रेटचा दगड झालेला ढीग सुरुंगाने फोडायचे, हजारो वेळा फोडला, काही झालं नाही, आणि एका सकाळी साडेचार हजार टनांतला थोडा भाग फुटला, पाचशेवर माणसं गेली. बैरुतला 2750 टन सहा वर्षं गोदामात पडून होतं. झालं.

एकच प्रश्न घेतो, कार्यवाह घड्याळ बघतायत. हां, काकू विचारतायत, काळी दारूही अशी म्हातारी होते का, किल्ल्यांवर असेल ना जुनी. नाही हो, तिला ही भानगड नाही, ती मिश्रण आहे, कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तशीच. 2008 साली व्हर्जिनियात यादवी युद्धाच्या वेळचा तोफगोळा साफ करताना एक संग्राहक गेले, दीडशे वर्षांजवळचा गोळा. तिला मारतो तो फक्त ओलावा. आणि त्यावरून, काकू, मागच्या दिवाळीचे उरलेले फटाके माळ्यावर असतील आणि सादळले असतील तर ते पत्र्यावर उन्हात पसरू नका, आणि गॅसच्या बाजूला तर अजिबात नको. पाण्याच्या बादलीत एक रात्र बुडवून ठेवा आणि मग फेका. पैसे गेले असं समजा.

चला, चहा.